ब्लॉग नुसती डायरी न राहता 'माध्यम' कशामुळे झाला?

निळीशाई:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. परवा जुनं लिखाण चाळताना माझी २००६ची एक पोस्ट सापडली, २९ मार्चच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या आठवडाभर आधी लिहिलेली. त्यात मी अगदी ठासून लिहिलं होतं की सॅरोस चक्रामुळे दर १८ वर्षांनी तेच ग्रहण त्याच ठिकाणाहून परत दिसतं. आणि त्याच रात्री दोन वाजता कुणा अनोळखी माणसाची कमेंट आलेली, की ताई चक्र नुसतं १८ वर्षांचं नाहीये, वर ११ दिवस आणि साधारण ८ तास आहेत, आणि त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण साधारण १२० अंश पश्चिमेला सरकतं, तीन चक्रं म्हणजे ५४ वर्षं आणि वर महिनाभर गेल्यावर कुठे परत त्याच रेखांशाच्या आसपास येतं. सकाळी उठून वाचलं आणि पोटात गोळा आला. मग मी ते वाक्य पुसलं नाही, त्याच्यावर आडवी रेघ मारली, खाली नवीन वाक्य लिहिलं आणि कुणी चूक दाखवली तेही लिहिलं. ती रेघ अजून तशीच दिसते.

ब्लॉगिंगवर बोलायला बसलं की सगळे एकच पालुपद लावतात, की आता कुणीही लिहू शकतं, छापखाना सगळ्यांच्या हातात आला वगैरे. ते खरं आहे पण अर्धंच आहे. कुणीही लिहू शकेल अशी पानं आधीपासून होती. जस्टिन हॉल नावाचा कॉलेजातला मुलगा १९९४ पासून स्वतःच्या आयुष्याबद्दल वेबवर लिहित होता. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गरने १७ डिसेंबर १९९७ला वापरला, आणि त्याचा ब्लॉग म्हणजे मुख्यतः दिवसभरात वाचलेल्या चांगल्या पानांच्या लिंका आणि सोबत दोन ओळी. म्हणजे बघा, शब्द जन्माला आला तोच मुळात 'मी काय वाचलं त्याची नोंद' या अर्थाने. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झने त्या शब्दाची गंमत म्हणून 'वी ब्लॉग' अशी फोड केली आणि मागे 'ब्लॉग' एवढंच उरलं.

माझं म्हणणं असं, की माध्यम म्हणून ब्लॉगचं नवेपण दोन गोष्टींत होतं. एक, मी हे कुठून घेतलं ते वाचणाऱ्याला एका क्लिकवर दाखवायचं. आणि दोन, चूक झाली तर ती जिथे झाली तिथेच, सगळ्यांसमोर दुरुस्त करायची. पेपरात चूक पहिल्या पानावर होते आणि खुलासा तीन दिवसांनी आतल्या पानावर चार ओळींत येतो. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी:
चांगला धागा. मी आयुष्यभर डेस्कवर काम केलं, त्यातली बरीच वर्षं रात्रीच्या पाळीत, म्हणून पेपरवाल्यांची बाजू मांडायचा हक्क घेतो. खुलासा आत जातो हे खरं आहे, पण त्यात दरवेळी लपवाछपवी नसते. पान एकदा सुटलं की सुटलं, यंत्रावर चढलेला मजकूर परत कसा आणणार? कागदाला ती सोयच नाही.

पण तुझ्या दोन गोष्टींत मी तिसरी घालेन आणि माझ्या मते तीच सर्वात मोठी. ब्लॉगने बातमीला मरू दिलं नाही. आमच्याकडे बातमीचं आयुष्य एक दिवस, दुसऱ्या दिवशी ती शिळी, तिसऱ्या दिवशी संपादक विचारणार की यात नवीन काय आहे? ट्रेंट लॉटचं प्रकरण आठवा. ५ डिसेंबर २००२, स्ट्रॉम थर्मंडच्या शंभराव्या वाढदिवसाचा समारंभ. थर्मंड १९४८ मध्ये वंशभेद टिकवायच्या मुद्द्यावर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले होते. आणि हे लॉट, सिनेटमधले रिपब्लिकन नेते, म्हणाले की आमच्या राज्याने तेव्हा त्यांना मत दिलं याचा आम्हाला अभिमान आहे आणि बाकीच्यांनीही दिलं असतं तर पुढचे सगळे त्रास झालेच नसते. समारंभाला पत्रकार हजर होते, कॅमेरे होते. तरी मोठ्या पेपरांत पहिले दोनतीन दिवस जवळपास सामसूम. का, तर वाढदिवसाचं भाषण, त्यात काय बातमी!

ब्लॉगवाल्यांनी ते धरून ठेवलं. जॉश मार्शल या पत्रकाराने 'टॉकिंग पॉइंट्स मेमो' या आपल्या ब्लॉगवर रोज थोडं थोडं लिहिलं, जुने संदर्भ काढले, लॉट यांनी आधीही असं काय काय म्हटलं होतं ते समोर ठेवलं. आणि फक्त विरोधी बाजूचे नाही हं, उजव्या बाजूचे ब्लॉगरही चिडून लिहित होते. २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडल्याचं जाहीर केलं. पंधरा दिवस! डेस्कवर बसणाऱ्या माणसाला विचारा, पंधरा दिवस एक बातमी जिवंत ठेवायची म्हणजे काय असतं.

अधांतर:
रात्रपाळी काका, प्रकरण बरोबर मांडलंत पण एक विचारू का? ते भाषण टीव्हीच्या कॅमेऱ्याने टिपलं नसतं तर ब्लॉगवाल्यांनी काय धरून ठेवलं असतं? कॅमेरामनचा पगार, तिथवर जायचा खर्च, कोर्टात खेचलं तर वकील, हे सगळं जुन्या माध्यमांनी उचललं आणि ब्लॉगने त्यावर टिपण्या लिहिल्या. ब्लॉगमुळे काहीच झालं नाही असं मी म्हणत नाहीये. पण 'नवं माध्यम' म्हणताना शिधा कोणाच्या घरातून येत होता ते विसरून चालणार नाही.

आणि दुरुस्तीबद्दल. निळीशाई, तू रेघ मारलीस कारण तू तशी आहेस. पोस्ट गुपचूप बदलणारे, कमेंट उडवणारे किती होते! ब्लॉगवर संपादक नाही हे जसं बळ आहे तसंच ते भगदाडही आहे.

निळीशाई:
अधांतर, रास्त आहे. गुपचूप बदल करणारे होतेच. पण मुद्दा असा की त्याला तेव्हा चोरी मानायचे, हे लक्षात घे. कुणी पकडलं तर दुसऱ्या ब्लॉगवर जुन्या मजकुराची नक्कल लागायची आणि लाज जायची. नियम कुणी लिहिला नव्हता, पण होता.

रात्रपाळी:
@अधांतर, शिध्याबद्दल बोललास ते मला मान्य आहे, आणि मी त्याच घरातला आहे. पण थांब, एक उदाहरण देतो जिथे ब्लॉगने स्वतः चूल पेटवली. २००७ची सुरुवात, अमेरिकेत काही सरकारी वकिलांना एकापाठोपाठ काढलं जात होतं. प्रत्येक ठिकाणच्या पेपरात आपापल्या वकिलाची छोटी बातमी आलेली, पण सगळे तुकडे कुणी जोडले नव्हते. टॉकिंग पॉइंट्स मेमोच्या वाचकांनी आपापल्या भागातली कात्रणं पाठवली आणि तिथे तो नकाशा पूर्ण झाला. मग मार्चमध्ये न्याय खात्याने एका रात्रीत जवळपास तीन हजार पानं बाहेर टाकली. असं रात्री उशिरा कागद टाकायचं कारण आम्हाला चांगलं माहितीये, डेस्कवर दोन माणसं असतात आणि पान सुटायला तास उरलेला असतो, कोण वाचणार? यांनी काय केलं तर वाचकांना सांगितलं की एकेक गठ्ठा घ्या, वाचा, काही सापडलं तर गठ्ठ्याचा आणि पानाचा नंबर घालून कमेंटमध्ये लिहा. लोक रात्रभर वाचत बसले. ऑगस्टमध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला आणि २००८ मध्ये मार्शलना त्या कामासाठी पत्रकारितेतला पोल्क पुरस्कार मिळाला. माझ्या पाळीत अशी शंभर माणसं मला कुणी दिली असती तर!

पागोळी:
वाचतेय सगळं. पण मला एक खटकतं, ब्लॉगचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी राजकारणावर जाते. कुणाचा राजीनामा झाला की मगच ते माध्यम का? ओपन डायरी १९९८ची, लाइव्हजर्नल १९९९चं, तिथे हजारो माणसं रोज आपलं घरचं, मनातलं लिहित होती, बऱ्याचजणी बायका, आणि त्याला तेव्हा 'डायरीछाप' म्हणून बाजूला सारायचे.

मी २००७ ते २०११ ब्लॉग लिहिला. आईला विस्मरणाचा आजार होता आणि मी एकटीच बघत होते. रात्री ती झोपली की लिहायचे. काही मोठं नसायचं, आज तिने तीनदा विचारलं की बाबा कधी येणार, आज तिने कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढून ठेवले, रुमाल शोधत होती आणि कुठला खण ते आठवत नव्हतं, असलं. एके दिवशी खूप लांबच्या देशातल्या एका बाईंची कमेंट आली, त्यांचे वडील तसेच होते. त्यांनी लिहिलं की खणावर शब्द लिहून चिकटवू नका, वाचलेलं टिकत नाही, आत जे आहे त्याचा फोटो काढून बाहेर लावा. मी दुसऱ्या दिवशी रुमालांचा फोटो काढून खणावर लावला. आईने तो खण उघडला. त्या दिवशी मी किती रडले ते सांगता येत नाही.

हे मला कुठल्या पेपरात मिळालं असतं? डॉक्टर चांगले होते पण त्यांना दहा मिनिटं असायची. माझ्यासाठी माध्यम ते होतं, की माझ्यासारखीच रात्री जागी असलेली बाई जगात दुसरीकडे आहे आणि तिला मी सापडले.

रात्रपाळी:
पागोळी, तू म्हणतेस ते अगदी पटलं. मी बातमीच्या चष्म्यातून बघत होतो. त्या खणासारखी माहिती आमच्या व्याख्येत 'बातमी' नसते आणि ती आमचीच उणीव आहे.

तुझ्यावरून आठवलं, २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी बगदादहून सलाम पाक्स या टोपणनावाने एकजण लिहायचा. बॉम्ब पडायच्या आधी घरात पाणी किती साठवलंय, खिडक्यांना पट्ट्या कशा लावल्या, बाजारात कशाचे भाव वाढले. युद्धाच्या बातम्या सगळीकडे होत्या पण घराच्या आतून कुणी लिहित नव्हतं. तो खरा आहे की बनावट यावर कितीतरी वाद झाले, शेवटी तो खरा निघाला आणि 'गार्डियन'ने त्याला सदर दिलं.

बोरू:
तांत्रिक बाजू कुणी घेतली नाही म्हणून मी लिहितो, कारण निळीशाई म्हणतेय त्या सवयी आकाशातून पडल्या नाहीत, त्या यंत्रातून आल्या.

आधी स्वतःचं पान बदलायचं म्हणजे एचटीएमएल हाताने लिहा, एफटीपीने सर्व्हरवर चढवा, एक कंस विसरला की सगळं पान वाकडं. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्जने ब्लॉगर ही सेवा काढली आणि एक चौकट आणि एक बटण एवढंच उरलं. पुढे २००१ मध्ये मूव्हेबल टाइप हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर आलं, २००३च्या मे महिन्यात मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी२ नावाच्या बंद पडत चाललेल्या सॉफ्टवेअरवरून वर्डप्रेस काढलं. पण माझ्या मते या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे परमालिंक. आधी नवीन नोंद वर यायची आणि जुनी घसरत घसरत खाली जायची, तिच्याकडे बोट दाखवायचं तर 'अमक्याच्या पानावर खाली कुठेतरी' असं सांगावं लागायचं. २०००च्या सुमारास प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला. पत्ता मिळाला म्हणून दुसऱ्याला त्यावर उत्तर लिहिता आलं, आणि म्हणूनच वाद घालता आला.

दुसरं म्हणजे आरएसएस. नव्या लोकांसाठी सांगतो, प्रत्येक ब्लॉग एक साधी फाइल ठेवायचा, ज्यात शेवटच्या दहापंधरा पोस्टचं नाव, पत्ता, मजकूर. तुमचा फीड रीडर थोड्या थोड्या वेळाने ती फाइल बघून यायचा आणि नवीन काही असेल तर तुमच्यापुढे ठेवायचा. क्रम कसला तर तारखेचा, मध्ये कुणी ठरवणारं नाही की तुला हे आवडेल आणि ते आवडणार नाही. १ जुलै २०१३ला गूगल रीडर बंद झालं आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं ब्लॉग वाचणंच सुटलं. आरएसएस मेलं नाही, पॉडकास्ट अजून त्यावरच चालतात, पण वाचायची सवय मोडली ती मोडलीच.

अधांतर:
बोरू, यंत्रातून सवयी आल्या तशी घाणही यंत्रातूनच आली ना? ट्रॅकबॅक, म्हणजे दुसऱ्या ब्लॉगने आपल्या पोस्टला लिंक दिली की आपोआप येणारी सूचना, स्पॅमने बुडालं. कमेंटमध्ये औषधांच्या आणि जुगाराच्या लिंका. २००५ मध्ये सर्च इंजिनवाल्यांना 'नोफॉलो' नावाची खूण आणावी लागली, ती लावलेल्या लिंकचं वजन शोधात धरायचे नाहीत. आणि जून २००३ मध्ये ॲडसेन्स ही गूगलची ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणारी सेवा आल्यावर तर लोक वाचकासाठी लिहायचे ते शोधयंत्रासाठी लिहायला लागले, एकच वाक्य पाच वेळा फिरवून. फुकट वस्तू घेऊन परीक्षणं लिहायची आणि सांगायचं नाही, हे इतकं वाढलं की अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २००९ पासून नियम केला की पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर उघड लिहा.

एक मात्र मी स्वतःहून कबूल करतो. सप्टेंबर २००४चं सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीचं कागदपत्रांचं प्रकरण. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेबद्दलची १९७२-७३ची म्हणून दाखवलेली पत्रं, आणि लोकांनी रातोरात प्रश्न विचारले की तेव्हाच्या टंकलेखन यंत्रावर अशी अक्षरं, असं अंतर कसं? एकाने तोच मजकूर नेहमीच्या वर्डमध्ये टाइप करून मूळ पत्रावर ठेवून दाखवला. बारा दिवसांनी सीबीएसने मान्य केलं की पत्रं खरी असल्याचं आम्ही सिद्ध करू शकत नाही. तिथे जुन्या टाइपरायटरवर काम केलेला माणूस कुठल्याही संपादकापेक्षा जाणकार ठरला. गर्दीत एखादा खरा जाणकार असतोच. प्रश्न एवढाच की बाकीच्या गोंगाटातून तो ओळखायचा कसा.

निळीशाई:
अधांतर, तो ओळखता येतो तो पुराव्यावरूनच. त्याने 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हटलं नाही, दोन कागद एकावर एक ठेवले. माझ्या ग्रहणाच्या कमेंटमध्येही तेच होतं, ८ तास आणि एक तृतीयांश फेरी, गणित कुणीही करून बघावं.

आणि भाषेचा मुद्दा राहिलाच. इंग्रजीबाहेर हे सगळं पसरलं ते युनिकोडमुळे, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीमुळे. आपल्याकडे आधी देवनागरीत वाचायचं तर प्रत्येक साइटचा वेगळा फाँट उतरवून घ्या, नाहीतर नुसते चौकोन. फारसीचंही तसंच होतं. होसेन देरखशान या इराणी पत्रकाराने २००१ मध्ये फारसीत ब्लॉग कसा सुरू करायचा याची पायरी पायरीने माहिती लिहिली आणि थोड्याच वर्षांत फारसी ब्लॉगांचा पूर आला. २००८ मध्ये तो इराणात परतल्यावर त्याला अटक झाली आणि तो सहा वर्षं तुरुंगात होता. २०१४च्या नोव्हेंबरात सुटून आला तर वेब बदललेलं. त्यावर त्याने २०१५ मध्ये एक मोठा लेख लिहिला, त्याचं दुःख काय तर लिंक मेली. सगळे मोठ्या कंपन्यांच्या भिंतींच्या आत लिहितात, तिथे बाहेर जायचा रस्ता कुणाला नको आहे. ज्या गोष्टीसाठी माणूस तुरुंगात गेला तीच बाहेर येईपर्यंत उरली नव्हती. मी तो लेख वाचून दोन दिवस नीट काम केलं नाही.

पागोळी:
आणि देरखशान तुरुंगात गेला तो तरी जिवंत परत आला. बांगलादेशात अविजित रॉय या ब्लॉगरला फेब्रुवारी २०१५ मध्ये पुस्तक मेळ्याहून परतताना भर रस्त्यात मारलं. सौदीत रैफ बदावी या ब्लॉगरला दहा वर्षं कैद आणि हजार फटक्यांची शिक्षा, लिहिलं म्हणून. ब्लॉग हे माध्यम आहे की नाही यावर आपण वाद घालतोय, पण मारणाऱ्यांना आणि फटके देणाऱ्यांना ती शंका कधीच नव्हती.

कोरीपाटी:
नमस्कार, मी इथे नवीन. सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी रील्स आणि छोट्या पोस्टच्या काळातला, पण मला लांब लिहायला आवडतं. आत्ता ब्लॉग सुरू करण्यात अर्थ आहे का? आणि कुठे करावा?

रात्रपाळी:
बाळा, लिही. वाचक किती हे पहिल्या वर्षी बघूच नकोस.

निळीशाई:
अर्थ आहेच. पण 'कुठे' हा प्रश्न हलक्यात घेऊ नकोस, माझे हात पोळलेत. माझा सगळ्यात पहिला ब्लॉग एका फुकट सेवेवर होता. चार वर्षं लिहिलं. त्यांनी बंद करत असल्याची मेल पाठवली ती मी वापरत नसलेल्या जुन्या पत्त्यावर, तीस दिवसांची मुदत, मला कळलं तेव्हा मुदत संपून दीड महिना झाला होता. पत्ता टाकला की कोरं पान. वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या नकला जपणाऱ्या साइटवर, जवळपास निम्म्या पोस्ट सापडल्या, एकेक उघडून उतरवून घेतल्या. फोटो गेले. कमेंट तर बहुतेक सगळ्याच गेल्या, आणि मला पोस्टपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटतं, पोस्ट मी परत लिहू शकते, लोकांनी लिहिलेलं कुठून आणू? ग्रहणाची पोस्ट दुसऱ्या ब्लॉगवरची म्हणून ती रेघ वाचली.

पागोळी:
माझा ब्लॉग अजून आहे. २०११ नंतर एक शब्द लिहिला नाही पण डोमेनचे, म्हणजे ब्लॉगच्या स्वतःच्या पत्त्याचे, पैसे दरवर्षी भरते. महिन्यातून एखादं कुणीतरी अजून येतं, बहुतेक रात्री, आणि खणाची पोस्ट वाचून जातं.

बोरू:
@कोरीपाटी, नीट सांगतो. डोमेन स्वतःच्या नावावर घे, सेवा कुठलीही असो. मग उद्या सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. आरएसएस फीड पूर्ण मजकुराचा ठेव, अर्धवट नको. महिन्यातून एकदा एक्सपोर्ट, म्हणजे सगळ्या ब्लॉगची एका फाइलमधली नक्कल, काढून स्वतःच्या डिस्कवर ठेव, आणि ती फाइल एकदा उघडून बघ, कमेंट आणि फोटो त्यात आलेत का ते. बऱ्याच ठिकाणी एक्सपोर्टमध्ये फोटोंच्या फक्त लिंका असतात, फोटो नसतात, आणि तिथेच लोक फसतात.

कोरीपाटी:
डोमेन घेतलं. आधी एके ठिकाणी अकरा लेख टाकले होते ते हलवतोय. तुम्ही म्हणालात तसंच झालं, एक्सपोर्टमध्ये फोटोंच्या लिंकाच आल्यात. हाताने उतरवू का?

बोरू:
अकराच आहेत तर हाताने उतरव, आज रात्रीच. आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लाव, जुन्या ठिकाणी ती सोय नसेल तर प्रत्येक लेखाच्या वर नवीन पत्त्याची एक ओळ टाक, लेख उडवू नकोस. अडलास तर इथेच विचार.